माजाचे दिवस

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

बशीरभाईला हरणांची एवढी काळजी कधीपासून? अरब मालकाच्या मळ्याचा सुपरवायझर असून हा माणूस कुंपणाकडे कधी फिरकला नाही. चारापाणी मीच बघतो. पण आठवडाभर रोज एकच प्रश्न : "नर लड़ने लगे क्या?"

चूक माझीच. चहा पिताना मीच बढाई मारली, की आमच्या संगमेश्वरकडे शिकारी माजाचे दिवस बघूनच रानात शिरतात. माजावर आलेले नर आपसांत झुंजतात, त्यांना माणसाचं भान नसतं, अगदी जवळ जाता येतं. त्यानंतर दोनच दिवसांत त्याच्या पिकपमध्ये नवी ताडपत्री आली. विचारलं, तर म्हणे, "सामान के लिए." कसलं सामान?

आज सकाळी दोन नर जुंपले. एकाचं शिंग मोडलं. संध्याकाळी मी त्याला बिनदिक्कत खोटं सांगितलं, "अभी महिना बाकी है, भाई."

तो नुसता हसला. "खलास. कल जुम्मा है, तू आराम कर. चारा मैं डाल दूँगा."

हा? चारा?

तो वळला तेव्हा पिकपमध्ये डोकावलो. ताडपत्री अजून घडीचीच होती. तिच्यावर ते मोडलेलं शिंग होतं.