जो काढतो तो घालतो

९ सप्टेंबर
डर्बनची पार्टी आली. नाव नॉम्सा. पन्नाशीची, धिप्पाड, केसांत पांढऱ्या मण्यांच्या माळा. टॉवेल नकोत, चादरी नकोत. तांबडं-पांढरं-काळं कापड पाहिजे, तिकडचे 'सांगोमा' लोक अंगावर घेतात ते. विचारलं, सांगोमा म्हणजे कोण? "मीच की," असं इंग्रजीत म्हणाली. म्हणजे तिकडची देवऋषीण! कामगारांत कुजबुज. तिनं हात लावला त्या मागाला माग दुरुस्त करणाऱ्या मल्लेश जॉबरनं लगेच लिंबू-मिरची बांधली. बांधू दे.

१० सप्टें.
जेवताना मल्लेशनं विचारलंच, बाई करणी करती का? मी इंग्रजीत विचारलं. बाई चिडली नाही, हसली. सगळ्या जगात पहिला प्रश्न हाच असतो म्हणे. करणी करणारे निराळे, त्यांच्यापासून लोकांना सोडवणारे आम्ही निराळे. पूर्वज बोलावतात, मग गुरुणीच्या दारात वर्षानुवर्षं राबायचं, झाडपाला शिकायचा. हाडं टाकून दुखणं बघते. हाडं शेळ्या-मेंढ्यांची, त्यात कवड्या आणि एक डॉमिनोची सोंगटी. मल्लेशला माणसाची हाडं पाहिजे होती, त्याचं तोंड पडलं. पूर्वी सरकारी दवाखान्यात मदतनीस होती, आजही निम्मे लोक ती तिकडेच पाठवते.

ती हात धुवायला गेल्यावर मल्लेश म्हणाला, "मालक, जो काढतो तो घालतो बी. कुलूप उघडणाऱ्याला लावता येत न्हाय व्हय?"
पटलं.

११ सप्टें.
विचारून टाकलं. हॉटेलवर सोडताना, गाडीत. कारखान्याच्या मधल्या भिंतीपलीकडे माझा थोरला भाऊ आहे. वाटणीत वडिलांच्या नावाचा छाप त्यानं घेतला, चांगले माग त्यानं घेतले, वडिलांचा फोटोसुद्धा. मला म्हणाला, "तुला इंग्रजी येतंय, तू कुटंबी पोट भरशील." स्वतः सातवी नापास. बाईला म्हटलं, मरायला नको, पण काहीतरी व्हावं. लोळागोळा व्हावा. बाकी तुमच्यावर सोडतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तू आमच्या गावात विचारलं असतंस तर मी तुझ्यासाठीच हाडं टाकली असती. दुखणं तुझं आहे."
देवऋषी पहिल्यांदा नाहीच म्हणतात.

१३ सप्टें.
ऑर्डर पक्की करायच्या आधी बाईचा हट्ट. हा कारखाना कुणी उभा केला? वडिलांनी. ते कुठे आहेत? वारले. मग त्यांना विचारल्याशिवाय सौदा कसा करू? फोटो कुठे? म्हटलं, पलीकडे. "चल."

झक मारत गेलो. इतक्या वर्षांत त्या दारात पाय ठेवला नव्हता. बाईनं चपला काढल्या, वडिलांच्या, नानांच्या फोटोपुढं गुडघे टेकले, कसलासा वाळका पाला पेटवला. धुपासारखा वास. तिथले कामगारसुद्धा माग बंद करून बघत उभे. ती नानांशी तिच्या भाषेत बोलली, घरच्या माणसाशी बोलावं तशी.

तेवढ्यात थोरला, अण्णा, पायऱ्या चढून आला. पायऱ्या त्या किती! तरी कठड्याला धरून उभा, तोंडानं श्वास. खोकला. पाय टम्म सुजलेले, चपलेचे पट्टे सोडून ठेवलेले. बाई त्याच्या पायांकडे बघत राहिली. खाली वाकून घोट्यावर बोट दाबलं, तिथं खड्डा पडला तो पडलाच. मला म्हणाली, "याला सांग, आजच दवाखान्यात जा. हृदयाचं आहे. आडवं झोपता येत नसणार. हाडं टाकायची गरज नाही, हे माझं काम नव्हे, डॉक्टरचं. आज. नीट सांग."

अण्णा माझ्याकडे वळला. "येमंटोंदी रा? काय म्हणती?"

मी म्हटलं, "म्हणती, तुझं कापड लई छान हाय. वीण घट्ट हाय."

अण्णा हसला. केवढा हसला. बाईला हात जोडले.
बाहेर आल्यावर बाईनं विचारलं, तो हसला का? सांगितलं, आमच्याकडे वाईट बातमी हसून घेतात. जातो म्हणाला.

आता माझं डोकं स्वच्छ आहे. परवा मी मागितलं, आज त्याचं हृदय बिघडलेलं निघालं. बाईनं नाही म्हणत म्हणत काम केलं. मग तिचाच उतारा मी माझ्या तोंडानं का द्यावा? सुंठीवाचून खोकला जातोय, जाऊ दे.
मला बरं वाटतंय. खरं तेच लिहितो.

१५ सप्टें.
बाई गेली. स्टेशनवर परत विचारलं, "भाऊ दवाखान्यात गेला?" म्हटलं हो, औषधं चालू झाली. तिनं माझे दोन्ही हात धरले. हात गरम होते. गाडी सुटेपर्यंत मला तिच्याकडे बघवलं नाही.

२१ सप्टें.
सर्वपित्री. भिंतीच्या अलीकडे माझं पान, पलीकडे त्याचं. बाई इथं असती तर विचारती, तुमचे नाना नेमके कुठल्या पानाला येतात? कावळे पलीकडेच गेले. माझी भजी मांजरानं खाल्ली.

संध्याकाळी अण्णाचा माणूस चादर घेऊन आला. नानांच्या छापाची, उत्तमातली. निरोप: "परदेशच्या ताईंना पाठीव. इतक्या वर्षांत माझ्या कापडाला कुणी बरं म्हणलं नव्हतं." आणि माझ्यासाठी डबा. वदिनाच्या, म्हणजे अण्णाच्या बायकोच्या हातची खीर.
खीर खाल्ली. चादर कपाटावर टाकली.

२६ सप्टें.
अण्णा मागावरच कोसळला. आयसीयूत आहे. छातीत पाणी. डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा दिवस आधी आणायचा होता.
मल्लेश कानाशी लागला, "बाई पावली, मालक." त्याच्या थोबाडीत मारली. का मारली?

बाईला मेसेज केला: झालं तेवढं पुरे, आता काढा.
लगेच उत्तर: "मी काहीच घातलेलं नाही. काय काढू? तो दवाखान्यात गेला होता ना? मी सांगितलं त्या दिवशी?"
उत्तर लिहिलं, पुसलं. परत लिहिलं.

२७ सप्टें.
कावळा बसायला आणि फांदी मोडायला. दिवसभर हेच म्हणतोय. तिनं घातलं असेल तर पाप तिचं. घातलं नसेल तर... तिनं घातलंच आहे. जो काढतो तो घालतो, सगळ्या सोलापूरला ठाऊक आहे. तिनंच घातलं असलं पाहिजे. अंबाबाई, तिनंच घातलेलं असू दे.

मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही. तिचे दोन फोन येऊन गेले.

२८ सप्टें.
वदिनाचा फोन. वाटणीनंतर पहिल्यांदा. रडत नव्हती, घाईत होती.
"भावजी, बाहेरचा मोटा डॉक्टर फोनवर बघतोय यांना. सगळं इंग्रजीत. ऑपरेशन करायचं का न्हाय ते उद्या सकाळी ठरवायचं हाय. हितले डॉक्टर सांगत्यात मराठीत, पण यांचा कुणावर इस्वास न्हाय. मास्क काढून म्हणले, धाकट्याला, नाग्याला बोलवा. त्यो त्या बाईचं कसं नीट सांगितला, तसं सांगंल."

हो म्हटलं.
नॉम्साचा फोन परत वाजतोय. सकाळी लवकर निघायचं आहे. शर्टाला इस्त्री केली.