तळघरातल्या दोघी

आई, तू गेल्यापासून तशीच पडलेली तुझी लोखंडी पेटी परवा आवरताना साड्यांच्या खाली तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम सापडला. मामाने दुबईहून माझ्यासाठी आणलेला. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. नांदेडला नेला, तिथल्या एका मोबाईलवाल्याने दुसरी बॅटरी जुळवून दिली. वाटलं होतं, माझी मुलगी खेळेल चार दिवस आणि टाकून देईल. पण तो सुरू झाल्यापासून तुझ्याशी बोलल्यावाचून मला राहवत नाही, आणि हे घरात कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझा टायफॉईड आठवतो तुला? पुसेगावच्या पलीकडचं ते उपकेंद्र, त्याच्या मागचं आपलं क्वार्टर, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली सलाईनची बाटली. तू तिथली नर्स, साऱ्या गावाची सिस्टरबाई. लोकांच्या तापात तुला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तापात मात्र तू रजा टाकलीस आणि खाटेपासून हलेनाशी झालीस. हात रिकामे राहिले की ते पदराला पुसत बसायचीस, ओले नसतानाही. शेवटी मीच गेम तुझ्यापुढे धरून म्हटलं, "आई, तू खेळ. मी सांगते कसं ते." तू स्क्रीनकडे पाहिलंस. "काहून ह्या अंधारात फिरून राहिलीस तू?" मी सांगितलं, की हे डोंगराच्या पोटातलं तळघर आहे, एकेक मजला खाली उतरत जायचं, आपण चालतो तेवढाच नकाशा उजळतो. "अन् खाली काय हाय?" तू विचारलंस. ते मलाही माहीत नव्हतं.

खाली जायच्या आधी चौघांची टोळी तयार करायची असते, प्रत्येकाला नाव द्यायचं. मी तुझं घातलं, बाबांचं घातलं, माझं घातलं. चौथं कोण, म्हणून विचारलं तर तू गेम माझ्या हातातून घेतलास आणि औषधाच्या बाटल्या वाचून पाठ झालेली इंग्रजी अक्षरं एकेक करून स्वतःच शोधलीस. तिला तू वैद्यीण केलंस, जखमा बऱ्या करणारी. मी नाव मोठ्याने वाचलं. बाबा नेमके एस.टी.ची ड्युटी संपवून दारात उभे होते, कंडक्टरची पिशवी अजून खांद्यावर. "काय म्हणलीस तू?" त्यांनी मला विचारलं. तू वर न पाहता म्हणालीस, "गेममधलं नाव हाय ते." बाबा चपला न काढता तसेच मागे फिरले आणि किती तरी वेळ बाहेरच्या हापशाजवळ बसून राहिले. माझ्या आधी तुला एक मुलगी झाली होती आणि ती लहानपणीच गेली, एवढं मला आत्याच्या कुजबुजीतून ठाऊक होतं. पण ते नाव आपल्या घरात माझ्या देखत तोवर कुणी उच्चारलं नव्हतं. मी इथंही लिहीत नाही.

मग तू तिला खाली नेईनास. तळघराच्या तोंडाशी एक गाव होतं, त्यातल्या धर्मशाळेत तिला ठेवायचीस आणि आपल्या तिघांना घेऊन उतरायचीस. मी चिडायचे. "चौघं लागतात आई, न्हाईतर सगळेच मरतील." "मरू दे. ती लहान हाय." "गेममध्ये कुणी लहान नसतं." "लहानच हाय ती," म्हणालीस आणि माझ्या कपाळावर हात ठेवलास. हात गार होता. माझा ताप उतरला, शाळा सुरू झाली, तरी दुपारची ओपीडी आटपली की तू गेम घेऊन बसायचीस. एका मजल्यावर विषारी धुकं होतं. तिथं वैद्यिणीशिवाय पाऊल पुढे पडेना. पुष्कळ दिवस तू तिथूनच परत फिरत राहिलीस आणि एके दिवशी काही न बोलता तिला सोबत घेतलंस. ती त्या धुक्यात पडली. उरलेले तिघं कसेबसे वर आले.

त्या गेममध्ये पडलेलं माणूस पडल्या जागीच राहतं. कुणी तिथवर जाऊन उचललं तरच ते उठतं, आणि तोवर गावात पाय ठेवला की दर वेळी पडद्यावर एकच ओळ उमटते. "काय लिहिलंय?" तू विचारलंस. मी तेव्हा इंग्रजीत हुशार, झटकन सांगून टाकलं, "तुमची सोबतीण खाली वाट पाहत आहे." तू ते पुन्हा म्हणायला लावलंस. "वाट पाहून राहिली?" एवढंच बोललीस, आणि चुलीवरचं दूध उतू जाऊन राखेत गेलं तरी तुझं लक्ष नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस तू लसीकरणाच्या फेरीवरून यायचीस ती साडीही न बदलता खाली उतरायचीस. हरायचीस, पुन्हा उतरायचीस. एका दुपारी मी शाळेतून आले तर तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होतीस. "भेटली," म्हणालीस. आणि मग, मी न विचारता, सांगायला लागलीस. मी दप्तर पाठीवरून काढलंही नाही. ती गेली त्या दिवशी सकाळी तिचं अंग कोमट होतं. औषध पाजून शेजारणीकडे ठेवलं आणि तू तांड्यावर बाळंतपणाला गेलीस. तिथल्या बाईचं रक्त थांबेना. "सोडून कशी येऊ मी? दोन जीव व्हते माझ्या हातात." तू परतलीस तेव्हा शेजारणीच्या घरापुढे माणसं जमली होती. "दाराकडंच पाहत व्हती म्हणे ती. शेवटपावतर." थोड्या वेळाने तू तोंड धुतलंस आणि मला म्हणालीस, "तुझ्या बाबाला सांगू नको मी बोलले म्हणून." मी नाही सांगितलं. बाबा आता माझ्याकडेच असतात, हिंगोलीला, आणि अजूनही त्या पोरीबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

मला वाटत होतं, मी शिकायला बाहेर गेल्यावर तो गेम तूही ठेवून दिला असशील. पण परवा तो सुरू झाला तेव्हा मी हबकले. पडद्यावर खेळल्याचे तास दिसत होते, हजारोंनी. तू वर्षानुवर्षं खेळत होतीस. बाबांच्या नोकरीच्या दुपारी, मी वसतिगृहात असताना, माझ्या लग्नानंतरही. निवृत्त झाल्यावर तू एकटीच सोफ्यावर डुलक्या घेत असशील, असं मी समजत होते. अगदी तुला झटका आला त्या उन्हाळ्यापर्यंत तू उतरत असशील तळघरात. बाबा आणि मी धर्मशाळेत आहोत, दुबळे, जुनी हत्यारं घेतलेले, जसे तेव्हा होतो तसेच. आणि तुम्ही दोघी सगळ्यात खालच्या मजल्यावर. तुझ्या अंगावर चिलखत आहे, तिच्या हातात कंदील आहे. आजूबाजूला कुणी राक्षस उरलेला नाही.

माझी मुलगी खांद्यावरून पाहत होती. "आजी अडकली का गं तिथं?" म्हणाली आणि मी नको म्हणायच्या आत तिने बटण दाबलं. तुम्ही दोघी वळलात. पाठीमागेच वर यायचा जिना होता, उजळलेला, मोकळा. "मग आल्या का नाहीत?" तिने विचारलं. मी बंद करून टाकलं. तेव्हापासून घरात कुठेही असले तरी मला ते दोन आकार दिसतात. भाजी चिरताना, वर्गात शिकवताना फळ्याकडे पाठ केली की. तू तिला वर आणायला गेली होतीस, तिच्यापाशी राहायला नव्हे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

हे बाबांना वाचून दाखवावं, असं मनात होतं. तुला माझ्याइतकं ओळखणारं तेच एक माणूस उरलंय. ते आता ओसरीत पेपर धरून बसलेत. नाही दाखवणार. कारण मग त्यांना पुढचंही ऐकावं लागेल. गेम बंद केल्यावर मुलीला वाटलं मला रडू येतंय, आणि मी तिला तसं वाटू दिलं. रडू नव्हतं, आई. मला हेवा वाटला, जिला मी कधी पाहिलंही नाही तिचा. आणि तुझ्या आठवणीच्या आधी तो हेवाच आला.