मशेरीची डबी

घाटकोपर, जानेवारी १९८५

तीर्थरूप आईस,
नलीचा वाकून नमस्कार.

गुणाजीकाकांनी गावाहून तुझी मशेरी आणून दिली, ती मी मोरीत ओतली. रागावू नको. माझी मशेरी सुटली गं, आई!

ह्यांची मिल बंद पडल्यापासून मी सकाळभर उंबऱ्यात मशेरीनं दात घाशीत बसायचे ना, त्या वेळात आता घावणे करून विकते. मशेरी सोडल्यावर सुरुवातीला डोकं ठणकायचं, ह्यांच्यावर खेकसायचे. हे म्हणाले, "टिकायचं नाय तुझं." टिकलं! काल हेच अख्ख्या चाळीला कौतुकानं सांगत होते.

तुझ्या गालातली जखम भरली का? डॉक्टरला दाखवलंस? खरं सांग.

डबी घासूनपुसून परत पाठवतेय. आत खोबऱ्याच्या वड्या आहेत, तुला चावतील अशा मऊ केल्यात. संपल्या की डबीत कोकमं भर. मशेरी भरलीस, तर मी येऊन तुझ्या मोरीत ओतीन.

तुझीच हट्टी,
नली