एक जूनची मुलं

नांदेड, २३ मे २००२

तीर्थस्वरूप दत्तोपंतमामा,

साष्टांग नमस्कार. दिवाळीपासून पत्र नाही, माफ करा. (कामात होतो असं लिहिणार होतो, खरं तर आळस.) मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का?

आमच्या दैनिकासाठी मी इथल्या मुलींच्या बालगृहाची शोधबातमी करतोय. नोंदी चाळताना घबाडच हाती लागलं: बत्तीस मुली, त्यांतल्या सत्तावीस जणींचा जन्म एक जूनचा. मी अधीक्षक सिद्धम्माबाईंना जरा दरडावूनच जाब विचारला. त्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "तुमचा जन्म कधीचा हाय, साहेब?" एक जूनचाच. (आईच्या मते पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, पण शाळेत नाव तुम्ही घातलंत.) आमचा फोटोग्राफरही एक जूनचा. संपादकांनी माझ्या मजकुरावर शेरा मारला, 'या टोळीत मीही आहे', आणि कागद परत पाठवला.

पण एका नोंदीवर हसू येईना. मंजुश्री, त्र्याण्णवच्या भूकंपात आईवडील गेलेली. लातूरच्या जुन्या नोंदीत डॉक्टरांनी तपासून लिहिलेलं तेव्हाचं वय सात. इथे, शाळेच्या दाखल्यावरून, नऊ. म्हणजे खरी सोळाची पोर येत्या एक जूनला कागदावर अठराची होणार आणि बालगृहाबाहेर जाणार. बारावी झाली आहे. डॉक्टरकीच्या क्लासवाल्यांनी वर्षभर फुकट बसवून घ्यायचं कबूल केलंय. राहायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. मला म्हणाली, "काका, मी दोन वर्षं थांबून मोठी झाले तर चालंल का?"

मग मी दाखल्याच्या मागे लागलो. 'खोटं वय लिहिणारा कोण?' हा मथळाही लिहून ठेवला.

आपला,
यज्ञेश

ता. क. दाखला काल मिळाला. मुख्याध्यापक म्हणून सही तुमची आहे. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शाळेत एक पोर घडाघडा वाचते म्हणून तिला थेट चौथीत बसवलं आणि इयत्तेला शोभेल असं वय लिहिलं, हे तुम्हीच कौतुकानं सांगितलं होतं. (मी टाळी दिली होती, तेही बातमीत लिहावं लागेल.) मथळा बदलतोय. बातमी मागे घेणार नाही, तुमचं नावही गाळणार नाही. रागवा खुशाल.

ता. ता. क. सोमवारी मंजुश्रीचं वय ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढे येऊन 'वय मी अंदाजानं लिहिलं' एवढं सांगाल का? माझ्या वयाचं नंतर बघू.

(माझ्या डायरीत) उद्याचं काम: हे पत्र डाकेत न टाकता स्वतः अहमदपूरला नेणे, आणि मामांचं वाचून होईपर्यंत समोर बसणे.