काळं भरायच्या जागा

क्वेझॉन सिटी
३ ऑगस्ट १९७५

चि. सेली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. फोटो नीट आले, एकाचाही कोपरा दुमडला नाही. तिकडे अमेरिकेत आग विझवायच्या त्या नळखांबाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतलास हे फार बरं केलंस. तो तुझ्या कमरेपर्यंतसुद्धा येत नाही हे पाहून शेजारचे नार्दोकाका खुर्चीत मागे रेलून हसत राहिले. ते काय, तुझे ताताय काय, इथे न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी चित्रकथा काढणारे सगळेच तो माणसाच्या छातीइतका उंच काढत आले. ज्या फोटोवरून शिकले त्यात तो एकटाच उभा होता. मागे एकदा आपल्या कथेचा नायक, बगळा, त्याच्यावर कोपर टेकून विचार करत उभा होता. न्यूयॉर्कहून संपादक केसलरसाहेबांची चिठ्ठी आली: रस्त्यात हे क्षेपणास्त्र कोणी ठेवलं?

कंपनी त्याला ग्रे हेरॉन म्हणते. पण राखाडी झगा घालून गच्चीच्या कठड्यावर एका पायावर उभा राहणारा माणूस या घरात बगळाच राहणार.

हवा ओली आहे. शाई वाळत नाही, पानं पंख्याखाली पसरून ठेवते. घरात बाकी सर्व ठीक.

तू विचारलंस, बाप असून ताताय दोन ओळी तरी का लिहीत नाहीत. काम फार आहे. आणि नव्या अंकांत रेघ वेगळी दिसते म्हणतेस, ते निबामुळे. जुनी निबं बाजारात मिळेनाशी झाली.

एक बातमी आहे. केसलरसाहेब पुढच्या महिन्यात मनिलाला येत आहेत. इथली रीत तुला ठाऊक आहे. एकाच्या नावावर चार हात काम करतात. एक चेहरे काढतो, एक घरं आणि झाडं, एक काळं भरतो, आणि सही उस्तादाची. इथे कुणाला त्यात काही वाटत नाही. न्यूयॉर्कला वाटतं. आपण पैसे कोणाच्या हाताला देतो ते त्यांना बघायचं आहे. प्रत्येकाने त्यांच्यासमोर बसून चित्र काढायचं. हात आणि पान जुळलं नाही तर काम बंद. आपला एजंट त्रिया दारोदार फिरून हे सांगतो आहे.

"माझी काळजी नाही," नार्दोकाका म्हणाले. "मी इतका वाईट काढतो की माझी नक्कल कोणी करणार नाही."

ताताय पंख्याखालच्या पानांकडे बघत बसले.

अभ्यास कर. नर्सच्या परवान्याची परीक्षा जवळ आली. थंडीचे मोजे आत्ताच घेऊन ठेव.

तुझी
नानाय


२४ ऑगस्ट १९७५

चि. सेली,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. चार ओळींचं. "नानाय, रेघ निबाने बदलते हे खरं. पण असा कान तातायनी आयुष्यात काढलेला नाही."

मी अंक काढून पाहिला. कान खरंच तसा आहे. बदकाच्या चोचीसारखा. कान मला अजून जमत नाहीत.

आता सरळ लिहिते. ईस्टरचा पवित्र आठवडा सुरू व्हायच्या आधी ताताय टेबलावरून उठताना पडले. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात. वाचा बरीचशी गेली. समजतं सगळं. डॉक्टर म्हणाले, पाय सुधारेल, वाचा थोडी येईल, हाताबद्दल काही सांगता येत नाही.

तुला कळवलं असतं तर तू परीक्षा टाकून आली असतीस. ते आम्हाला दोघांनाही नको होतं. त्यांनी तसं बोटाने तुझ्या फोटोकडे आणि मग दाराकडे दाखवून, मान हलवून सांगितलं. तू नर्स आहेस, आई-बापाने आजार लपवला म्हणून तू रागावणार. रागाव. पण येऊ नकोस.

ते शब्द शोधतात आणि बहुतेक वेळा "नाही" तेवढा सापडतो. शिव्या मात्र स्वच्छ येतात. नार्दोकाका म्हणाले, "ज्या शिव्या सोडायला पाद्रीबाबा आयुष्यभर सांगत होते, देवाने त्याच नेमक्या शिल्लक ठेवल्या." ताताय त्यावर हसले, तोंडाच्या एका बाजूने.

काम मी करते आहे.

लग्न झाल्यापासून मी काळं भरत आले. ताताय पेन्सिलीने चित्र काढायचे, मग निबाने रेघा, आणि जिथे गर्द काळं हवं तिथे बारीक फुली मारायचे. मी ब्रश घेऊन फुल्या बुजवायचे. हाताखालून सगळी पानं गेली, पण मी चित्रं अशी पाहिलीच नव्हती. फुल्या पाहिल्या.

ते पडले तेव्हा टेबलावर अर्धी झालेली पानं होती. पेन्सिल तयार होती, ती मी पुरी केली आणि पाठवली. कुणाला कळलं नाही. मग पुढची गोष्ट आली. कोरे कागद, आणि फुल्या मारायला कोणी नाही. त्या दिवशी मी स्वच्छ भांडीसुद्धा पुन्हा घासली. मग बसले.

ताताय शेजारी बसतात. पान चुकलं की "नाही". कुठे चुकलं ते सांगता येत नाही, तेव्हा दोघंही चिडतो. मी म्हणते, हात? नाही. चेहरा? नाही. खिडकी? शिवी. म्हणजे खिडकी. रबराने पुसते, पुन्हा काढते.

आता केसलरसाहेब ५ तारखेला येणार. नार्दोकाकांचं म्हणणं, तातायच्या हाताला पट्टी बांधायची आणि जीपनी गाडीतून पडले म्हणून सांगायचं. त्रियालाही ते पसंत आहे. मी हो म्हटलं आहे. चित्र माझं आहे असं कळलं तर काम जाईल, आणि पट्टीवर विश्वास बसला नाही तरी जाईल.

दुसरं काम मिळेल. शेजारच्या बाईंच्या शिवणकामात माझ्यासाठी जागा आहे. उपाशी मरणार नाही. भीती त्याची नाही.

हे लिहायला मला वेळ लागला. अंगणात जाऊन आले. तुझे ताताय तिथे खुर्चीत बसले आहेत, आणि मी इथे लिहिते आहे की मला हे काम आवडतं. सकाळी डोळे उघडले की आधी पान आठवतं, मग त्यांचं आजारपण. हा क्रम बरोबर नाही. पण आहे असा.

तुझी
नानाय


९ सप्टेंबर १९७५

चि. सेली,
खूप खूप आशीर्वाद.

तुझी तार मिळाली. "रागावले आहे. येत नाही. कानांसाठी आरशात बघ." पोस्टमनने ती मला दोनदा वाचून दाखवली, त्याला वाटलं काही गुप्त संदेश आहे.

शुक्रवारी गेलो, नार्दोकाकाही बरोबर. समुद्राकाठचं हॉटेल, आत इतका गारठा की तातायच्या अंगावरचा पातळ बारोंग सदरा मला काही पुरेसा वाटेना. नार्दोकाकांनी पट्टी छान बांधली होती. खाली बाकावर थांबलो तेव्हा तातायनी गाठ दातांनी सोडली आणि पट्टी माझ्या मांडीवर ठेवली. मी म्हटलं, "अहो, आता काय सांगायचं?" तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

केसलरसाहेब बुटके आहेत. बाह्या वर केलेल्या, डोळ्यांखाली झोप साठलेली. समोर आमची पानं रचलेली होती.

"बसा, मकाराएग. बगळा काढा. गच्ची, रात्र, उजेड पाठीमागून."

"साहेब, यांचा हात..." मी सुरुवात केली.

"नाही," ताताय म्हणाले.

त्यांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली. कागदावर एक फुली मारली. मग खाली दुसरी. मग बाजूला दोन. रेघ एकही नाही. फुल्या वेड्यावाकड्या, एखादी दोनदा मारलेली. त्रिया माझ्या कानाशी आला. "वहिनी, हे काय फुली-गोळा खेळतायत? माझं नाक कापलं जाणार."

तातायनी कागद माझ्याकडे सरकवला.

मी पाहिलं. हनुवटीखालची. काखेतली. झग्याच्या आतल्या घडीची. मागच्या पाण्याच्या टाकीची अंधारातली बाजू. फुल्या वाकड्या होत्या पण जागा एकही हललेली नव्हती. मी ब्रश काढला. पेन्सिल घेतली नाही. फुल्या भरत गेले, आणि जे भरायचं नव्हतं ते पांढरं राहत गेलं. शेवटची फुली बुजली तेव्हा बगळा कठड्यावर उभा होता. कान मी अंधारात ठेवला.

केसलरसाहेबांनी कागद उचलून लांब धरला. मग गठ्ठ्यातली अलीकडची पानं वेगळी काढली. माझी कोणती ते त्यांना अचूक कळलं.

"ही कोणी काढली?"

"मी."

"आणि हा छातीएवढा नळखांब?"

"तो यांचा."

तातायनी एक सणसणीत शिवी दिली. साहेबांनी त्रियाकडे पाहिलं.

"ते म्हणतात, आपली भेट झाली, आनंद वाटला," त्रिया म्हणाला.

साहेब हसले नाहीत. "इतके महिने मी एका माणसाचं नाव छापतो आणि चित्रं दुसरंच कोणी काढतं," ते म्हणाले. "मी न्यूयॉर्कला काय सांगू?"

मी ब्रश धुतला. पाणी काळं झालं. साहेब परत त्या कागदाकडे पाहत होते. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"पुढच्या अंकावर नाव काय टाकायचं?"

"आहे तेच राहू दे," मी म्हटलं.

"नाही," ताताय म्हणाले.

"मग मकाराएग पती-पत्नी," त्रिया म्हणाला.

"नाही."

"अहो, मग टाकायचं तरी काय?"

तातायनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. "लु," ते म्हणाले. थांबले. "लु. लु." पुढे जाईना. ते पडल्यापासून माझं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. साहेब पेन धरून थांबले होते. कोणीही घाई केली नाही.

"लुदिविना," मी पुरं केलं.

"हो," ताताय म्हणाले. हा शब्द नवा आहे.

साहेबांनी नाव अक्षर न् अक्षर विचारून लिहून घेतलं. पुढचा एक अंक माझ्या नावाने. वाचकांची पत्रं कशी येतात ते पाहून पुढचं ठरेल. न्यूयॉर्कमध्ये कुरकुर होणार, ती ते बघून घेतील. निघताना म्हणाले, "बाई, कान शिका." बाहेर नार्दोकाका मी दिलेली पट्टीची गुंडाळी हातात घेऊन उभे होते. "सुटलो एकदाचे," ते म्हणाले, "मला वाटलं, आता माझीच मान त्यात बांधावी लागते."

गोष्ट कालच आली. बगळा जखमी होऊन इस्पितळात आहे. त्याच्यावर एक नर्स ओरडते, अंथरुणातून उठलास तर बांधून ठेवीन म्हणते. तिला मी तुझा चेहरा दिला आहे. तातायनी बराच वेळ पाहिलं आणि "नाही" म्हणाले नाहीत. मग डाव्या हाताने पेन्सिल घेऊन तिच्या भुवया थोड्या वर चढवल्या. आता ती जास्त तुझ्यासारखी दिसते.

परीक्षा होऊ दे. नाताळात सुट्टी मिळाली तर ये. आजाऱ्याला भेटायला म्हणून येऊ नकोस. बगळ्याच्या नाकावरून आमचं दोघांचं पटत नाही, घरात तिसरं मत हवं आहे.

उद्या पहिलं पान सुरू करते. पत्राच्या सुरुवातीला मी सवयीने तुला आशीर्वाद लिहिले. त्यातले थोडे मला परत पाठव.

तुझी नानाय,
लुदिविना मकाराएग