आक्काबाईच्या वावरातली ओल

काळकडा, ५ डिसेंबर २०२४

ती. अंकिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन रागात खडकावर आपटला, म्हणून हे पत्र नारळाच्या टेम्पोवाल्याहाती केंदूरला धाडतोय.

हा काळकडा म्हंजी समुद्रात घुसलेला थिजलेला लाव्हा. कॉलेज अर्धवट सोडलं तरी एवढं कळतं. कातळावर माती वीतभर. म्हणून इथली बारा घरं भात निघालं की दरसाल इथं येणारा आपला मेंढरांचा कळप वावरात मुक्कामाला बसवतात आन् लेंडीखत पडलं की वाल पेरतात. आबांच्या शब्दानं पहिली पाळी कायम टोकावरच्या आक्काबाईची. यंदा ती मी मोडली. पहिला आठवडा तेजश्रीच्या वडलांना दिला. का, ते तुला सांगायला नको. हस खुशाल.

आता गाव बिथरलंय. काल एकजण आबांचं नाव घेऊन म्हणाला, हरिबाच्या पोटी असला कसा निपजला. मी त्याची कॉलर धरली. परवा देवळात बैठक हाय, आपल्या कळपाला काळकडा कायमचा बंद करणारेत. करू देत! आक्काबाई मात्र चकार शब्द बोलत न्हाई. आपली मेंढरं तिच्याच विहिरीवर पाणी पितात, तेही तिनं अडवलं न्हाई. त्याचाच जास्त संताप येतो.

आबांना यातलं काही कळू देऊ नको. चिडलीस तरी माया आटवू नकोस.
तुझा,
शंभू


केंदूर, ६ डिसेंबर

चि. शंभूस,
अ. उ. आ.

टेम्पोवाल्यानं पत्र आबांच्याच हातात दिलं आणि आबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. तेजश्रीचं नाव गाळायला गेले तर जीभ अडखळली. मग काय, आबा प्लॅस्टरातला पाय ओढत निघाले काळकड्याला! मी दारात आडवी बसले तेव्हा थांबले.

आबा म्हणतात, वीतभर मातीत ओल किती दिवस टिकणार? आक्काबाई गप्प नाही, ती थांबलीय. हरिबाचा कळप बसल्याशिवाय पेरायचं नाही, एवढ्या भरवशावर. वर्षाचा वाल जाईल तिचा. आणि शहाण्या, लेंड्या टाकून कुणी पोरगी पटवतं का? तिला विचारलंस तरी?

पत्र मिळताच कळप हलव. भांडू नकोस. इथं दोघांचाही जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात ठेव.
अंकिता


काळकडा, १२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं तशी भरदुपारी मेंढरं काढली. तेजश्रीचे वडील आडवे आले, दोन मुक्काम बाकी हायेत म्हणाले. माझा हात उठणार तोच तेजश्री मधी आली. म्हणाली, मी तुमच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. आक्काबाईचं नुकसान माझ्या नावावर घालू नका. सगळ्यांसमोर म्हणाली, ताई. मी खाली बघत मेंढरं आक्काबाईच्या वावराकडं हाकली.

आक्काबाईनं मूठभर माती उचलली, ती वाळूसारखी गळली. तेवढंच दाखवलं. मी तिच्या पाया पडलो, तर म्हणाली, आधी मेंढरं आत घे.

बैठकीत उभं राहून चूक कबूल केली. शेवटी ठरलं, कळप दरसाल येईल, पण माझ्यासंगं मेंढरं वळणारा माऊलीदादा आणेल. माझा शब्द इथं चालणार न्हाई. बरोबरच हाय.

चार मुक्काम करून काल वाल पेरला. कोरड्यातच. उगवेल का, आक्काबाईलाही सांगता येत न्हाई. म्हणून मी विहिरीचं पाणी हंड्यानं ओततोय. आज साठ झाले, खांदे सोलवटलेत. बाकीच्या घरांच्या पाळ्या संपल्या की माऊलीदादा कळप घेऊन पुढच्या गावाला निघेल. मी न्हाई जाणार. शेंगा भरेपर्यंत इथंच.

आबांना म्हणावं, भरवसा आत्ता मागत न्हाई. पोरगा म्हणून तेवढं जवळ धरा.
तुमचा,
शंभू