सगळे वायरमन एकाच हॉलमध्ये

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतंय. आमच्या वीज कंपनीचा मेळावाही झकास चालला होता. गावोगावचे वायरमन एकमेकांना नुसत्या फोनवरच्या आवाजाने ओळखतात, म्हणून मीच हट्ट धरला की सगळ्यांना एकदम बोलवायचं, मागे कोणी राहायचं नाही. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे! रंगीत टोप्या घालून रस्सीखेच ऐन रंगात आली आणि बाहेर वादळी वारा सुटला. एकेकाने दोर सोडला, सगळे खिडकीकडे बघायला लागले. मग टोप्यांसकट सगळे गाड्यांकडे धावले.

तुमच्याकडची वीज गेल्याचं आत्ताच कळलं. तुझा फोन लागत नाही. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर चालू आहे ना? शेजारच्या काकूंना बोलावून घे, एकटी धावपळ करू नकोस.

आपल्या गावाकडे जाणारी गाडी निघतेय, म्हणून ही चिठ्ठी वायरमनदादांजवळ देतेय. त्यांच्या डोक्यावर अजून माझी पिवळी टोपी असेल, हसू नकोस. आणि तुझ्या सवयीने त्यांना चहाला थांबवू नकोस. आधी खांबावर चढू दे.

तुझी,
धाकटी